छाजेड सरांची कोरी स्लाइड

छाजेड सरांच्या प्रॅक्टिकलला एक नियम होता. कोणीही स्लाइड रंगवली की तिच्या जोडीला दुसरी एक स्लाइड दाखवायची. तिच्यावर त्याच पेशी, तीच रसायनं, तेवढाच वेळ. फक्त रंग ज्याच्यामुळे येतो ती एक गोष्ट वगळायची. पुस्तकात तिला कंट्रोल म्हणतात. सर कोरी स्लाइड म्हणत. ती बघितल्याशिवाय ते मायक्रोस्कोपला डोळा लावत नसत. रंग दिसला म्हणून खरं मानू नका, जिथे तो दिसायला नको तिथे दिसत नाही हे आधी दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं असे. आम्हाला तो त्यांचा हट्ट वाटायचा. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात बाकी कोणी एवढं मागत नव्हतं. शिवाय सर स्वतः पीएच.डी. नव्हते. प्रबंध अर्धा सोडलेला माणूस आणि नियम एवढे कडक, असं आमच्यातलं कोणी ना कोणी दरवर्षी म्हणे.

तो प्रबंध का सुटला, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडूनच कळलं. एका दुपारी साक्रीच्या स्टँडवर आमची बस बंद पडली होती आणि दुसरी येईपर्यंत बोलण्याशिवाय काही काम नव्हतं.

रतनलाल जवरीलाल छाजेड मूळचे पिंपळनेरचे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले तेव्हा खांद्यावर कापडाचं एक गाठोडं होतं म्हणतात. सरांच्या वडिलांच्या, जवरीलालशेठच्या काळापर्यंत त्याचं बाजारपेठेतलं किराणा-भुसार मालाचं दुकान झालं होतं. दुकानामागे गोदाम. गोदामात धान्य, लाल मिरची, भुईमुगाच्या शेंगा आणि अर्थातच उंदीर.

जैन घर, त्यामुळे उंदीर मारायचा प्रश्नच नव्हता. रात्री पिंजरा लावायचा, आणि सकाळी त्यात जे सापडतील ते पांझरेच्या पलीकडे नेऊन सोडायचे. हे काम लहानपणी रतनकडे होतं. नदीपलीकडे निंबा देवरे यांचं वावर. एकदा निंबाआबा सौदा घ्यायला दुकानात आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "शेठ, दया तुमनी आनि भुईमूग आमना. तुमना उंदर बठ्ठा मना वावरमा शेतस."

शेठच्या दयेचे सगळे उंदीर आबांच्या वावरात, हे ऐकून दुकानातले सगळे हसले. जवरीलालशेठही हसले, त्यांनी आबांसाठी चहा सांगितला, आणि दुसऱ्या दिवसापासून पिंजरा आणखी पुढे, रस्त्याच्या वळणापर्यंत नेऊन उघडायचा असं ठरलं. त्या वळणावरही कुणाचं तरी वावर होतंच.

सरांच्या आईचं नाव धापूबाई. घरात लहानमोठे सगळे त्यांना बाई म्हणत. सकाळचं सामायिक, म्हणजे एका जागी बसून केलेलं ध्यान, पाणी गाळून पिणं, सूर्यास्ताआधी जेवण, चातुर्मासात कांदा-बटाट्याबरोबर हिरवी भाजीही बंद, असा त्यांचा दिवस आणि असं त्यांचं वर्ष. पण त्या कोणावर काही लादत नसत. कोणी चुकलं तर बोलायच्या नाहीत. स्वतःच एखादा उपास जास्त धरायच्या. मुलांना त्यापेक्षा रागावणं परवडलं असतं.

जवरीलालशेठना एक त्रास होता. मिरचीचं पोतं फोडलं की त्यांच्या अंगावर पित्त उठे. मानेवर, पाठीवर लालबुंद गांधी. बाई त्यावर आमसुलाचं पाणी चोळत, आणि रतन शेजारी बसून विचारत राही की इतका वेळ काही नव्हतं तिथे हे एकदम आलं कुठून. मिरची तर नाकात गेली, मग पाठीवर काय उठलं? त्याचं उत्तर त्याला एम.एस्सी.ला पुण्यात मिळालं. आपल्या कातडीखाली, नाकाच्या आत, आतड्याच्या अस्तरात मास्ट सेल नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात बारीक दाणे ठासून भरलेले असतात, आणि दाण्यांत हिस्टामिनसारखी रसायनं. न सोसणारी वस्तू आली की पेशी दाणे बाहेर फेकते, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या पाझरतात आणि गांधी उठते. सरांना ही पेशी आवडली. घरातली ओळख निघाली, असं ते म्हणत.

१९८८ साली ते धुळ्याला लेक्चरर झाले. लग्न झालं, पत्नी धनकुंवर धुळ्यात आल्या. शनिवारी पिंपळनेर, सोमवारी सकाळच्या बसने परत, असा क्रम बसला. १९९३ मध्ये त्यांनी जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. मार्गदर्शक होते प्रा. जीवराम सोनवणे, धुळ्याचेच, मोठ्या आवाजाचे, विद्यार्थ्यांना जीव लावणारे आणि कामाची घाई असणारे.

विषय सांगायला अवघड आहे, पण सर तो आम्हाला चुटकीसरशी सांगत. मास्ट सेल जन्मते हाडाच्या पोकळीतल्या मगजात. पण रक्तातल्या बाकीच्या बहुतेक पेशींसारखी ती तिथे पिकत नाही. कच्चीच बाहेर पडते, रक्तातून फिरते, एखाद्या जागी जाऊन बसते आणि तिथे तिच्यात दाणे भरतात. हे पहिल्यांदा ऐकल्यावर जीवराम सर म्हणाले होते, "म्हणजे ही तुमच्यातलीच झाली, छाजेड. गावाकडून रिकामी निघते आणि जिथे बसेल तिथे माल भरते."

आता प्रश्न असा की कच्च्या पेशीला दाणे भरायला सांगतं कोण? प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. त्यातली कोणती चालू करायची हे काही प्रथिनं ठरवतात. ती डीएनएवर जाऊन ठरावीक जागी बसतात आणि शेजारच्या जनुकाला कामाला लावतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यातल्या एका कुळाचं नाव गाटा, कारण डीएनएवर जी-ए-टी-ए अशी चार अक्षरं लागून येतात तिथे ती बसतात. सरांना त्यातल्या गाटा-वनचा शोध घ्यायचा होता. मास्ट सेल पिकत असताना ते केव्हा दिसू लागतं? दाणे भरल्यानंतर, दाण्यांबरोबर, की आधी? आधी दिसलं, तर दाणे भरायचा हुकूम त्याचा असण्याची शक्यता. दुकानाच्या भाषेत ते सांगत की मुनीम गादीवर आधी बसतो की माल आधी येतो, एवढंच बघायचं आहे.

हे बघायला उंदराच्या हाडातला मगज लागतो. आणि मगज काढायचा तर उंदीर मारावा लागतो.

सरांनी यावर फार विचार केला होता असं ते म्हणाले, आणि त्या विचाराचं फळ म्हणजे दोन ठराव. पहिला, चातुर्मासात एकही उंदीर मारायचा नाही. दुसरा, एरवी मारायचे ते कमीत कमी. जीवराम सरांच्या हिशेबाने एका खेपेला सहा उंदीर हवे होते. सर दोनांवर भागवणार होते. घरी काही सांगायचं नाही हा तिसरा ठराव; तो त्यांनी मनातही नीट शब्दांत मांडला नव्हता. मायक्रोस्कोपचं काम आहे, एवढंच बाईंना माहीत होतं.

धुळ्यात त्या वेळी पेशी वाढवायची यंत्रं कुठली असणार? पेशींना हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यासाठी सर काचेच्या झाकणबंद भांड्यात पेशींच्या बशा ठेवत, त्यात मेणबत्ती पेटवत आणि झाकण लावत. मेणबत्ती विझली की आतली हवा हवी तशी झालेली असे. ते भांडं मग इन्क्युबेटरमध्ये. पेशींना मास्ट सेलच्या वाटेला लावणारं द्रव्य पुण्याच्या एका मित्राकडून यायचं, बर्फाच्या डब्यात, रात्रीच्या एस.टी.ने. त्याच मित्राने गाटा-वन ओळखणाऱ्या अँटिबॉडीची एक छोटी कुपी दिली होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान कुपी, तळाशी थेंबभर द्रव, गार ठेवला नाही किंवा फार दिवस ठेवला तर नासणारा. ती गाटा-वनला चिकटते, आणि पुढची रसायनं घातली की जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग येतो.

१९९५ च्या जानेवारीत पहिली खेप लागली. मगज काढताना सरांचं लक्ष फक्त पेशींवर होतं, याचंच त्यांना नंतर वाईट वाटलं. चार आठवडे पेशी वाढल्या. दर आठवड्याला सर थोड्या पेशी स्लाइडवर घेऊन रंगवत. अर्ध्या टोल्युडिन ब्लूने, त्याने मास्ट सेलचे दाणे जांभळे दिसतात. अर्ध्या अँटिबॉडीने.

दुसऱ्या आठवड्याच्या स्लाइडवर जांभळं काही नव्हतं. पेशी कच्च्या, दाणे नाहीत. आणि त्याच पेशींच्या केंद्रकात तपकिरी रंग होता. सगळ्यांत नाही, पण बऱ्याच पेशींत. चौथ्या आठवड्यापर्यंत दाणे भरले आणि तपकिरी रंग गडद झाला. म्हणजे मुनीम आधी आला होता. सर तिथून उठून व्हरांड्यात गेले, पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा बघितलं. मग जीवराम सरांना बोलावलं.

जीवराम सर बराच वेळ बघत राहिले. खूष झाले, पाठीवर थाप मारली. मग विचारलं की अँटिबॉडी न लावलेली स्लाइड कुठे आहे. कच्च्या मगजातल्या काही पेशी अशा असतात की अँटिबॉडी नसतानाही त्या रसायनांनी आपोआप तपकिरी होतात. हा रंग त्यातला नाही, हे कशावरून?

कोरी स्लाइड केलेली नव्हती. दोनच उंदरांच्या पेशी. चार आठवडे पुरवायच्या, दोन रंग करायचे, तर कोऱ्या स्लाइडसाठी उरतं काय? जी स्लाइड रिकामीच दिसणार तिच्यावर पेशी घालणं सरांना उधळपट्टी वाटली होती.

जीवराम सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. दिसलंय ते मोठं आहे, पण एकदा दिसलेलं कोणी मानत नाही. वेगवेगळ्या उंदरांच्या आणखी दोन खेपा हव्यात, कोऱ्या स्लाइडसकट, आणि यावेळी सहा-सहा उंदीर. सरांनी मान डोलावली. पण मार्च-एप्रिल परीक्षांत गेले. मग धुळ्याचा उन्हाळा. खोलीतच बेचाळीस-चव्वेचाळीस, तिथे सदतीसवर ठेवायच्या इन्क्युबेटरने काय करावं? तो तापवू शकतो, थंड करू शकत नाही. प्राणिघरातली उंदरांची पिल्लंही त्या उन्हात जगेनात. जूनमध्ये सरांना वर्षभराची अभ्यासरजा मिळाली, महिना संपता संपता पाऊस आला, हवा उतरली, सगळं जुळून आलं, आणि पंधरवड्यात चातुर्मास लागला.

जीवराम सरांना त्यांचा ठराव माहीत होता. त्यांनी चेष्टा केली नाही. फक्त एकदा फ्रीज उघडून ती कुपी दाखवली आणि म्हणाले, "अँटिबॉडी चातुर्मास पाळत नाही, छाजेड."

सर म्हणाले, दिवाळी झाली की लगेच सुरू करतो.

त्या पावसाळ्यात पर्युषण ऑगस्टमध्ये आलं. त्याच्या शेवटच्या, म्हणजे संवत्सरीच्या दिवशी जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो. घरच्यांची, शेजाऱ्यांची, गिऱ्हाइकांची, आणि सर्व जीवांची. सकाळी सर आधी प्राणिघरात गेले. पिंजऱ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. प्राणिघर सांभाळणारा वना दाणापाणी घेऊन आला तो दारातच थांबला. सरांचं झाल्यावर त्याने अगदी मनापासून विचारलं, "सर, यासले काय समजस?"

 त्या प्रश्नाने एक झालं. ज्यांना समजत नाही त्यांची क्षमा मागणं सोपं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. जिला समजलं असतं त्या आईकडे ते अजून गेले नव्हते. ते तसेच स्टँडवर गेले आणि पिंपळनेरची बस धरली.

बाई उपाशी होत्या, सतरंजीवर बसलेल्या. तोपर्यंत त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे जे हळू सांगायचं होतं ते सरांना मोठ्याने सांगावं लागलं. उंदीर मारावे लागतात, मी मारले, तुला सांगितलं नाही, मिच्छामि दुक्कडम्. घरात ते मारवाडीत बोलत. मला त्यांनी मराठीत सांगितलं.

 बाईंनी विचारलं की त्यातून निघालं काय. सरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी काकाजींच्या, म्हणजे वडिलांच्या पाठीवरच्या गांधींपासून सुरुवात केली आणि मुनीम-माल करत सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकलं. मुनीम आधी आला हे नक्की का, असं विचारलं. सर म्हणाले, नक्की नाही, अजून उंदीर लागतील, आणि आता मला ते करवत नाही.

बाई म्हणाल्या, "अर्धं सोडलंस तर आधीचे जीव कशासाठी गेले? लागतील तेवढे घे, पण काम पुरं कर. मी सांगते."

त्या तिन्हीसांजेला सर हलके होऊन धुळ्याला परतले. आईने क्षमा केली, वर परवानगीही दिली. पण त्या परवानगीने त्यांनी केलं काय, तर ठराव आणखी घट्ट धरला. इतकी मोठ्या मनाची आई, तिच्या मुलाने चातुर्मास मोडावा हे त्यांना शोभेना. दुसऱ्या दिवशी जीवराम सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, आता कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच थांबायचंय. आपण आईपेक्षाही चांगले आहोत असं मला तेव्हा वाटलं असावं, असं ते मला स्टँडवर म्हणाले.

सप्टेंबरात वीज जायची ती अधूनमधून दिवसदिवस यायची नाही. सर फ्रीजमध्ये बर्फ भरत, कुपी बर्फात पुरत. जेवढं शक्य होतं तेवढं केलं.

नोव्हेंबरात पौर्णिमा झाली आणि दुसरी खेप लागली. यावेळी कोरी स्लाइड करायची हे पक्कं होतं. जीवराम सरांनी आणखी एक सांगितलं होतं. एक उंदीर जास्त घ्या, त्याच्या पोटाच्या पोकळीतल्या पिकलेल्या मास्ट सेल काढा आणि त्यांनाही अँटिबॉडी लावा. तिथे रंग यायलाच हवा. आला तर कुपी चांगली आहे हे कळेल.

सरांनी दोनच उंदीर घेतले.

का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की पिंजऱ्यात हात घातला, दोन काढले, आणि तिसऱ्यासाठी हात परत आत जाईना. सहाचं तर नावच नको. त्या क्षणी ती दया वाटली. आपण एक जीव वाचवला असं वाटलं.

चार आठवड्यांनी स्लाइडवर रंग नव्हता. कोऱ्या स्लाइडवर नव्हता ते बरोबर होतं. पण दुसऱ्या आठवड्याच्या पेशींत नव्हता, तिसऱ्याच्या नव्हता, चौथ्याच्याही नव्हता. दाणे मात्र जांभळे भरगच्च. आता याचा अर्थ काय लावायचा? पहिल्या वेळी दिसलं ते खोटं होतं, की अँटिबॉडी मेली होती? सांगू शकला असता तो तिसरा उंदीर. उरलेली अँटिबॉडी याच स्लाइडांवर संपली होती. ती देणारा मित्र अमेरिकेला गेला होता. नवी कुपी मागवायची तर परदेशातून, आणि ती येईपर्यंत सरांची अभ्यासरजा संपणार होती.

जीवराम सर वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्याची वर्षं वाया जाताना त्यांना बघवत नव्हतं. एका संध्याकाळी लॅबमध्ये कोणी नसताना ते म्हणाले, "पहिली खेप माझ्या डोळ्यांनी बघितली आहे मी. ती खरी आहे. तीन खेपा झाल्या असं लिहा. जळगावहून कोण येऊन उंदीर मोजणार आहे?"

सर म्हणाले, "सर, मोजणारे उंदीरच, ते आधीच मोजून गेलेत."

हे वाक्य मोठं वाटतं, पण मी काही शूर नव्हतो, असं ते मला म्हणाले. तीन खेपा लिहायच्या म्हणजे जे उंदीर मारलेच नाहीत ते मारले असं लिहायचं. ते त्यांना जमेना, बस्स. जीवराम सर त्यानंतर काही दिवस बोलले नाहीत, मग बोलू लागले, पण प्रबंधाचं नाव दोघांनी काढलं नाही. १९९६ च्या जूनमध्ये रजा संपली. सर वर्गावर परतले.

पिंपळनेरला बाईंना सांगणं भाग होतं. सोडलं म्हणून सांगितलं. मुनीम आधी आला होता का, हे कळलं का, असं त्यांनी विचारलं. नाही कळलं, असं सर म्हणाले. बाई गव्हातले खडे वेचत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "मार्‍या तो मार्‍या, पण फोकट क्यूं गमाया?"

मारले ते मारले, पण फुकट का घालवले. हे वाक्य सरांनी मला मारवाडीतच सांगितलं. त्याचं मराठी मी केलं.

पुढे परदेशात अनेकांनी गाटा कुळावर काम केलं. सर जळगावच्या लायब्ररीत जाऊन वाचत. काही जणांचं म्हणणं सरांच्या पहिल्या खेपेच्या जवळ जाई, काहींचं थोडं वेगळं असे. एकदा धनकुंवर वहिनी म्हणाल्या, तुमचंच बरोबर होतं म्हणायचं. सर म्हणाले, त्यांचं बरोबर आहे, माझं काय होतं ते मला कधीच कळणार नाही. त्यानंतर वहिनींनी तो विषय काढला नाही.

आता शेवटचं. १९९९ साली बाईंची तब्येत उतरली. गुडघे गेले होते, कान जवळजवळ बंद झाले होते. त्या वर्षी पिंपळनेरच्या स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनास्थळात, साध्वीजींचा चातुर्मासाचा मुक्काम होता. बाई म्हणाल्या, मला आलोचना घ्यायची आहे. आलोचना म्हणजे आयुष्यात जे पाप झालं असेल ते गुरूंसमोर बोलून दाखवायचं आणि ते सांगतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. ते एकांतात होतं. सर त्यांना हाताला धरून घेऊन गेले, आत बसवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसले.

पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. बाईंचा शब्द न् शब्द बाहेर येत होता. सर उठून लांब जाणार होते. किरकोळ गोष्टी चालल्या होत्या. एकदा पाणी न गाळता प्यायले, सुनेला टाकून बोलले, सामायिकात डुलकी लागली. मग बाई म्हणाल्या की मी मुलाला जीव मारायला सांगितलं.

सर तिथेच थांबले.

जैन धर्मात पाप तीन वाटांनी लागतं असं मानतात. स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून, आणि केलेल्याला संमती देऊन. तिन्हींचं वजन तेवढंच. हे सरांना लहानपणापासून पाठ होतं. पण संवत्सरीच्या त्या दुपारी, "मी सांगते" हे दोन शब्द ऐकताना, त्यांना ते आठवलं नव्हतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं की आई माफ करते आहे. प्रत्यक्षात मुंगी वाचवून पाय टाकणारी ती बाई पुढच्या सगळ्या उंदरांचं पाप समजूनउमजून अंगावर घेत होती.

साध्वीजींनी किती जीव गेले असं विचारलं असावं, आणि त्यांनाही आवाज चढवावा लागला असावा, कारण तो प्रश्न सरांना अर्धवट ऐकू आला. बाईंचं उत्तर मात्र स्पष्ट आलं. ते मी विचारलं नाही, लागतील तेवढे घे म्हटलं होतं, तेव्हा जास्तीत जास्त धरा. साध्वीजींनी वयाकडे बघून काही हलकं सांगितलं. बाई म्हणाल्या, ते चालायचं नाही, आयंबिल तर मी त्या वर्षापासून दर चौदसला धरतेच आहे. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच, तेल-तूप-दूध-मीठ काही नसलेलं अन्न. ते त्या पोटाच्या तक्रारीमुळे करतात असं घरात सगळे समजत होते.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. सरांनी त्यांच्या पायात चपला घातल्या. ऊन लागतंय का, असं त्यांनी सरांनाच विचारलं, आणि दोघं हळूहळू घरी आले.

साक्रीच्या स्टँडवर एव्हाना आमची दुसरी बस लागली होती. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होते. सर उठले नाहीत. ते म्हणाले, तिला विचारावंसं वाटलं होतं की तू हे तेव्हाच का नाही सांगितलंस. पण त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. पाप तिला लागेल हे तिने बोलून दाखवलं असतं, तर मी पिंजऱ्यात हातच घातला नसता, आणि काम तिथेच थांबलं असतं. ते थांबू नये म्हणून ती गप्प बसली. आणि मी तरीही दोनच घेतले.